फुग्यात हेलियम नव्हता

हेलियम हा वायू मी नोकरीभर शिकवला आणि तो भरलेलं नळकांडं एकदाही पाहिलं नाही. मीच काय, परभणी जिल्ह्यात त्या काळी कुणीच पाहिलं नसेल. परदेशातून येणारी, मोठ्या कारखान्यांना लागणारी ती वस्तू. आमच्या शाळेत गॅसचा बर्नरसुद्धा नव्हता. स्पिरिटचा दिवा होता, आणि स्पिरिट संपलं की रॉकेलची चिमणी.

संपादकांनी माझ्याकडे शिक्षकी पेशातल्या गमती मागितल्या होत्या. थोड्या आहेत, त्या लिहितो, कारण त्यांच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. पण मी लिहायला बसलो आहे ते दुसऱ्या कामासाठी. आमच्या शाळेचे शिपाई लिंबाजी सखाराम खिल्लारे यांनी शाळेच्या कार्यक्रमात आग लावली, असं त्या गावात आजही सांगतात. ती त्यांनी लावली नव्हती. कशामुळे लागली हे मला त्या क्षणापासून माहीत होतं. लिंबाजी आता नाहीत, आणि मीही ऐंशीच्या पुढे गेलो आहे.

गाव परभणीजवळच्या झरी गावाच्या पलीकडचं. नाव लिहीत नाही. शाळा अजून भरते आणि आज तिथे शिकवणाऱ्या मंडळींचा यात काही संबंध नाही. काळ बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. विहिरींना पुन्हा पाणी आलं होतं, लोकांच्या अंगावर जरा मांस दिसायला लागलं होतं, आणि शाळेला नव्या खोल्या बांधून झाल्या होत्या.

खेड्यातल्या हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून पटणार नाही. शाळेत तो विज्ञान शिकवतो. गावात तो रेडिओ दुरुस्त करतो, विहिरीचं पाणी मचूळ का झालं ते सांगतो, आणि माणूस खरंच चंद्रावर उतरला की अमेरिकेनं सगळ्यांना गंडवलं याचा निकाल देतो. मला रेडिओतलं काहीही कळत नव्हतं. मागचं झाकण उघडायचो, फुंकर घालायचो, झाकण लावायचो. चालू झाला तर माझं श्रेय. नाही झाला तर रेडिओ जुना.

एकदा एक म्हातारी पदराच्या गाठीत दोन-चार मणी बांधून आली. सुनेच्या माहेरून आलेलं डोरलं खरं की खोटं, एवढंच तिला हवं होतं.

"मास्तर, तुमच्या त्या तेजाबात बुडवून सांगा. खोटं निगालं तर आजच धाडते तिला म्हायेरी."

मी मण्यावर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकला. हिरवा फेस आला. म्हणजे तांबं होतं, आणि बरंच होतं. मी म्हणालो, "आजी, अस्सल आहे. हिरवं होतं तेच खरं सोनं." म्हातारी समाधानानं गेली. सून नांदली. ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत कितीतरी वेळा हसून सांगितली आणि दर वेळी शाबासकी मिळवली. विज्ञानाच्या नावानं जे सांगितलं जातं ते गावात कुणी तपासत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शिक्षकाला हे कळणं चांगलं नाही.

पण मी शिकवायचो मन लावून, हेही लिहायला हवं. सगळ्यांत लाडका तास हायड्रोजनचा. जस्ताचे तुकडे, पातळ केलेलं आम्ल, एक बाटली, एक वाकडी नळी. परीक्षानळीत वायू धरायचा आणि तोंडाशी जळती काडी न्यायची. 'फट्' असा आवाज होतो. त्या आवाजासाठी वर्षातून एकदा सगळी शाळा माझ्या खिडकीशी गोळा व्हायची.

इतर दिवशी त्या खिडकीबाहेर एकच माणूस उभा असायचा, लिंबाजी. ते बौद्ध वस्तीतले. घंटा, झाडलोट, टपाल, कंदील, माझ्या बाटल्या धुणं ही त्यांची कामं. पाण्याच्या रांजणाला त्यांनी हात लावायचा नाही, असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. रांजण भरायला दुसरा माणूस ठेवलेला होता, इतकंच. ते माझ्याहून वयानं मोठे, तरी मी त्यांना 'अरे लिंबाजी' म्हणत असे. आज 'ते' लिहितो आहे.

फुगा हवेत का तरंगतो, हा धडा मी विहिरीवरून सुरू करत असे. आमच्याकडे पोरं पोहायला शिकताना पाठीला रिकामा, तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा बांधतात.

"डबा वर का येतो रे?" मी विचारायचो.

"त्याला वर यायचंच असतंय, सर," एक पोरगं एकदा म्हणालं.

डब्याला कुठं जायचं नसतं. तो जेवढी जागा अडवतो, तेवढ्या जागेतलं पाणी त्याच्याहून जड असतं. जड पाणी खाली सरकतं आणि डब्याला वर ढकलतं. हवा हीसुद्धा एक विहीर आहे आणि आपण तिच्या तळाशी चालतो. हवेला वजन असतं हे पोरांना पटायचं नाही. मग मी सांगायचो की आपल्या या वर्गातली हवा कुणी काट्यावर घातली, तर ज्वारीची दीड-दोन पोती भरेल. तेवढ्याच जागेत हेलियम भरला तर तो हवेच्या सातव्या हिश्शाएवढाच भरतो. म्हणून हेलियमचा फुगा त्या डब्यासारखा वर ढकलला जातो.

हायड्रोजन हेलियमहूनही हलका, त्याच्या निम्म्यानं. तुम्हाला वाटेल, मग हायड्रोजनचा फुगा दुप्पट जोरानं वर जात असेल. तसं होत नाही. फुगा आतल्या वायूच्या जोरावर चढत नाही, बाजूची जड हवा त्याला उचलते. हवा चौदा शेर धरा, हेलियम दोन शेर, हायड्रोजन एक शेर. एकाला बारा शेरांचा उठाव, दुसऱ्याला तेरा. दोन फुगे शेजारी सोडले तर कुणालाच ओळखू येणार नाही. दोघांना रंग नाही, वास नाही. ओळख पटते ती जाळ जवळ गेल्यावर. हायड्रोजन पेटतो. हेलियम पेटत नाही, कारण त्याचा अणू आपल्यातच पुरा असतो. तो ऑक्सिजनशी जोडला जात नाही, कुणाशीच जोडला जात नाही. आणि हा वायू आधी सूर्याच्या उजेडात सापडला, पृथ्वीवर नंतर, हे सांगितलं की वर्ग गप्प व्हायचा.

एकदा तास संपल्यावर लिंबाजी बाटल्या न्यायला आत आले. म्हणाले, "सर, म्हंजी हेलियम कुनाच्या घरी जेवायला जात न्हाई म्हना की."

"आणि हायड्रोजन?" मी विचारलं.

"त्याला बोलवायचीबी गरज न्हाई."

मी खूप हसलो. पुढच्या तासाला ते वाक्य वर्गात माझं म्हणून सांगितलं.

नव्या खोल्यांच्या उद्घाटनाला परभणीहून मोठे पाहुणे यायचे होते. संस्थेच्या अध्यक्षांना गाव आबासाहेब म्हणे. जमीनदार माणूस, बोलायला मोकळा, आणि शाळेसाठी झिजलेला, हे नाकारता येणार नाही. ते नुकतेच मुंबईहून आले होते.

"सर, तिकडं बघितलं. पाव्हणा फीत कापतो अन् फुगे सगळे आभाळात. आपल्याकडं व्हायला पायजे. पन उरुसातला गॅस नगं. त्यानं मागं एकाचं थोबाड भाजलंय. न पेटनारा कुठला असतोय का?"

"असतो. हेलियम."

"मिळंल?"

"मिळेल की. हैदराबादला मिळतो."

हैदराबादला हेलियम मिळतो, असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. तोंडातून निघालं. आबासाहेबांनी तिथल्या तिथे चार जणांना सांगितलं, "आपले सर सूर्यावरचा गॅस आनायलेत."

मी रेल्वेनं हैदराबादला गेलो. वेल्डिंगची नळकांडी भरून देणाऱ्या एका दुकानात विचारलं. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हेलियम? साब, वो तो बाहर मुलुक से आता. तुमकू कौन देगा?" त्यानं मला चहा पाजला आणि आपल्या भागीदाराला बोलावून माझी मागणी ऐकवली. दोघंही सभ्यपणे हसले.

परतीला परभणीच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा पुढचं काम सोपं होतं. गावी जाऊन 'मिळाला नाही' एवढं सांगायचं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, म्हणून सांगितलं नाही, असं मी पुढे स्वतःला समजावत आलो. ते अर्धंच खरं. गावात माझं बोलणं कधी चुकलेलं नव्हतं, म्हणजे चुकलेलं कधी पकडलं गेलं नव्हतं, आणि मला त्याची चव लागली होती.

स्टेशनवरून मी सरळ गफूरभाईंकडे गेलो. ते उरुसात फुगे विकायचे. फुटक्या जर्मनच्या भांड्यांचे तुकडे वापरून लोखंडी टाकीत गॅस तयार करायचे. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. तयार होतो तो हायड्रोजनच, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यांना हेलियम हा शब्द ऐकून माहीत आहे का, म्हणून विचारलं. का विचारलं, कोण जाणे.

"हेलियम-फेलियम अपने कू नै मालूम, मास्टर. गॅस है. उडती है. बिडीवाले कू दूर रखो, बस."

भरलेली टाकी पोत्यात गुंडाळून मी ट्रकमधून गावी आणली. उतरवून घेताना लिंबाजींना म्हणालो, "हैदराबादचा माल आहे. जपून."

फुगे त्यांनीच भरले. मी शेजारी बसून दोरे बांधत होतो. प्रत्येक फुगा वर ओढ घ्यायला लागला की ते दोरा बोटाला गुंडाळून जरा वेळ धरून ठेवत. "कुठून कुठं आला बगा. सूर्यावरून." फुगा खाली ओढून पुन्हा सोडत. मी 'हो' म्हणत होतो.

माझ्या मनात धोक्याचा विचार नव्हता असं नाही. होता, आणि त्यावर मी बंदोबस्तही केला होता. सरस्वतीची तसबीर आणि समई मंचावर असणार. फुगे धरलेल्या मुली मांडवाच्या दाराशी, उघड्यावर उभ्या राहणार. फीत कापली की फुगे सोडून द्यायचे, संपलं. अंतर राखलं की हायड्रोजन आणि हेलियम सारखेच.

फुगे धरायला आठवी-नववीच्या मुली निवडल्या होत्या. लिंबाजींची सुमन आठवीत होती. उंच, अक्षर सुरेख, प्रयोगाची आकृती एका ओढीत काढणारी. तिला मी रांगेत पहिली उभी केली होती. कार्यक्रमाच्या सकाळी आबासाहेबांचा माणूस आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, रांगेतली ती पैली पोरगी तेवढी कमी करा. पाव्हन्याला ओवाळायचं हाय तिथनं. बायका कुरकुर करायल्यात."

मी वाद घातला नाही. सुमनला म्हणालो, "तू मागच्या खोलीत थांब. तिथे सामानाजवळ कुणीतरी हवं." तिनं हातातले दोरे माझ्याकडे दिले आणि गेली. तिच्या जागी आबासाहेबांची पुतणी शोभा आली. लिंबाजी समोरच खुर्च्या पुसत होते.

"जाऊ द्या सर," ते म्हणाले. "उनात हुबं ऱ्हायचं वाचलं तिचं."

हे ऐकणारे आणखी दोघे-तिघे होते. त्यांनी नंतर एवढंच सांगितलं की लिंबाजीचं तोंड उतरलं होतं.

पाहुणे आले. समई पेटवून झाली. मांडव माणसांनी भरलेला. आबासाहेबांनी मला मंचावर बोलावलं. "सर, पाव्हन्यांना त्या गॅसचं शास्त्र सांगा." त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

मी आयुष्यात जी भाषणं केली, त्यात ते सगळ्यांत चांगलं झालं. विहीर सांगितली, डबा सांगितला, सूर्य सांगितला. लिंबाजींचं जेवणाचं वाक्यही वापरलं, लोक हसले. आणि शेवटी म्हणालो, "मंडळी, या फुग्यातला वायू विस्तवात धरला तरी पेटणार नाही." टाळ्या वाजल्या.

पाहुणे खूश झाले. त्यांच्याबरोबर फोटोग्राफर आला होता. ते खुर्चीवरून उठले, समईजवळ उभे राहिले आणि दाराकडे हात करून म्हणाले, "या गं मुलींनो, इकडं या. सगळे मिळून फोटो काढू. सरांनी सांगितलंच आहे, भ्यायचं कारण नाही."

मुली दारातून निघाल्या. मांडवाच्या मधल्या वाटेनं यायला त्यांना वेळ लागला. फुगे एकमेकांत गुंतत होते, त्या हसत सोडवत होत्या. माइक माझ्या हातात होता आणि तो चालू होता. 'थांबा' म्हटलं असतं तर मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं. पण 'थांबा' म्हटल्यावर 'का' म्हणून विचारलं असतं. मी त्या 'का'ला भ्यालो. मुली मंचाच्या पायऱ्या चढल्या. मी बाजूला सरून त्यांना वाट दिली.

वाऱ्याची एक झुळूक आली, शोभाच्या हातातला झुबका समईवर लवला. आवाज तोच, वर्गातला, 'फट्'. एका पाठोपाठ. मग पिवळा जाळ. पेटलेलं रबर अंगाला चिकटतं. शोभाचे दोन्ही हात, मान आणि एका बाजूचा गाल. इतर मुलींचे केस आणि भुवया. लोक उठून पळाले, त्यात मीही मंचावरून उतरलो.

लिंबाजी उलट्या दिशेनं आले. ओसरीवरचा पिण्याच्या पाण्याचा रांजण त्यांनी एकट्यानं उचलून आणला आणि शोभावर ओतला. मग अंगातला सदरा काढून बाकीच्या मुलींवरचे तुकडे झटकले. रांजण पायरीवर आपटून फुटला. शोभा जगली. पण तिच्या हाताची बोटं पुढे नीट मिटली नाहीत, आणि गालावर कायमचा डाग राहिला. तिच्या घरच्यांनाही खरं कुणी सांगितलं नाही, म्हणजे मी सांगितलं नाही.

चौकशी संस्थेनंच केली. आपल्यातली तीन माणसं नेमली. त्यांचा तर्क अगदी सरळ होता आणि तो मीच त्यांच्या हातात दिला होता. हेलियम पेटत नाही, हे सरांनी सगळ्या गावासमोर सांगितलेलं. मग पेटलं ते दुसरं काहीतरी. फुगे कुणी भरले? लिंबाजीनं. रॉकेल कुणाच्या ताब्यात? लिंबाजीच्या. पोरीला रांगेतून काढल्याचा राग कुणाला? लिंबाजीला. पाणी घेऊन सगळ्यांच्या आधी कोण पोचला? तोच, म्हणजे त्याला आधीच ठाऊक होतं. रांजणाला हात लावला, हेही एकानं त्यात जोडलं.

लिंबाजींना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. मीही तिथे बसलो होतो.

"फुग्यात काय भरलंस?"

"हेलियम, सायेब."

"तो पेटतो का?"

त्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण ते सरळ उभे राहिले आणि नीट, पूर्ण उत्तर द्यायला लागले. "न्हाई सायेब. पेटत न्हाई. त्याचं त्याच्यात पुरं असतंय. ऑक्शिजनसंगं जुळत न्हाई. सरांनी शिकवलंय." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर बरोबर आलं की पोरगं शिक्षकाकडे पाहतं, तसं.

"सर, बरोबर आहे?" समितीतल्या एकानं मला विचारलं.

मी म्हणालो, "हेलियम पेटत नाही."

हे वाक्य खोटं नाही. कुठल्याही पुस्तकात सापडेल. त्या एका खऱ्या वाक्याच्या आडोशाला मी पुढची सगळी वर्षं काढली.

आबासाहेबांनी पोलिसात दिलं नाही, त्याबद्दल गावानं त्यांना मोठेपणा दिला. लिंबाजींना कामावरून काढलं. काही दिवसांत ते घर मोडून निघून गेले. सुमनची शाळा आठवीत सुटली. त्याच वर्षी मी कायम झालो.

पुढच्या उरुसात गफूरभाई भेटले. गर्दीतून माझा हात धरून त्यांनी मला बाजूला नेलं. "मास्टर, सुना मैंने सब. मेरा नाम नै लिया तुम. बडी मेहरबानी." आणि माझ्या पोरांसाठी म्हणून फुग्यांचा एक झुबका हातात दिला. मी नको म्हणू शकलो नाही. बोळात वळल्यावर सोडून दिले.

हायड्रोजनचा प्रयोग मी त्यानंतर कधी केला नाही. हेलियमचा धडा मात्र पुस्तकात होता, तो दरवर्षी घ्यावा लागे. मुलं विचारत, "सर, तुम्ही पाहिलाय का?" मी 'पुढचं वाचा' म्हणत असे.

काही वर्षं गेली. एकदा देवगाव फाट्यावर गाडी बदलायला उतरलो होतो. रस्त्याचं काम चालू होतं. खडीच्या ढिगावरून एक माणूस उतरून माझ्याकडे आला. अंगावर धूळ, केस पिकलेले. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं.

"सर, मी लिंबाजी. कुनीकडं निगालात?"

त्यांनी चहा मागवला. मला बाकावर बसवलं, स्वतः उकिडवे बसले. घरचं विचारलं. मी सुमनचं विचारलं तर म्हणाले, "दिली. बरं हाय." मग कप खाली ठेवून म्हणाले, "सर, एक इचारायचं व्हतं. तुमी शिकवताना कदी हातचं राखलं न्हाई, म्हनून इचारायलोय. हेलियम पेटत न्हाई. मंग त्या दिशी पेटलं काय?"

मी रस्त्याकडे पाहत होतो.

"मला वाटतंय, माज्याच हाताला राकेल असंल," ते म्हणाले. "सकाळी कंदील पुसले व्हते. हात धुतलो व्हतो, पर साबन न्हवता. त्येच फुग्यांना लागलं असंल. तसं व्हतंय का, सर?"

बाकाजवळ आम्ही दोघंच होतो. आबासाहेब तोवर वारले होते. माझी नोकरी कुणी काढून घेणार नव्हतं. खरं सांगून माझं काहीही जाणार नव्हतं.

मी म्हणालो, "होऊ शकतं."

त्यांनी मान हलवली, बऱ्याच काळाचं कोडं सुटल्यासारखी. "मंग बराबर. मलाबी तसंच वाटायलं व्हतं." माझी गाडी आली. त्यांनी माझी पिशवी उचलून आत दिली.

चौकशीत गप्प बसलो त्याला भीती म्हणता येईल. देवगाव फाट्यावरच्या त्या दोन शब्दांना मला आजपर्यंत नाव सापडलेलं नाही.

निवृत्तीनंतर मी परभणीत राहायला आलो. यंदा एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं की सुमनबाई याच शहरात राहतात, अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता घरीच असतात. लिंबाजी जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. हैदराबाद, गफूरभाई, माइक, चौकशी, देवगाव फाटा. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. मग मीच समजावायला लागलो, की हायड्रोजन आणि हेलियम यांचा उठाव जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे नुसतं बघून कुणालाही—

"शिकवू नका, सर," त्या म्हणाल्या.



मग त्याच सांगू लागल्या. "पुनवेला बुद्धासमोर मेणबत्ती लावायची, तर बाबा कधी लावायचे न्हाईत. माझ्या हाताला नको, म्हणायचे. आई लावायची. आई गेल्यावर मी. चूल पेटवली न्हाई त्यांनी, बिडी तर आधीपासूनच नव्हती. शेवटपर्यंत जेवायला बसताना हात हुंगायचे." त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "रांगेतून काढलं म्हणून माझं तोंड वाचलं, असं आई म्हणायची. बाबांचं वेगळं होतं. तू त्या जागी असतीस तर मी लावली असं कुणी म्हणलं नसतं, म्हणायचे. दोघांचं यावरून भांडण व्हायचं."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे मला कशाला सांगायलात? मला माहीत होतं त्यांनी केलं न्हाई. माहीत नव्हतं ते त्यांना."

मी म्हणालो, हे सगळं लिहून छापणार आहे.

"लिहा. पण त्यात माफी मागू नका. तुमी माफी मागितली की लोक म्हणतील, सर किती मोठ्या मनाचे. बाबांचं राहूनच जाईल. आणि शिपाई, शिपाई असं नका लिहू. नाव लिहा."

म्हणून नाव पूर्ण लिहिलं आहे, आणि माफी मागितलेली नाही.

या अंकाची एक प्रत त्या शाळेला पाठवावी, असं मी संपादकांना कळवलं आहे. तिथे ती कुणी उघडेल की कपाटात पडून राहील, सांगता येत नाही. उघडलीच तर गावात सांगण्यासारखं एवढंच आहे. फुग्यांत हायड्रोजन होता. तो मी आणला होता आणि हेलियम म्हणून सांगितला होता. आग समईनं लागली. ती विझवली लिंबाजी सखाराम खिल्लारे यांनी.